करटोलीच्या वेलाला फुले भरपूर येतात, फळ मात्र धरत नाही

प्रश्न:
नमस्कार. बांधावरच्या करवंदीच्या जाळीत करटोलीचे जुने वेल आहेत. त्यांतला एक कंद मी उन्हाळ्यात काढून परसातल्या कुंपणाशी लावला. पहिल्या पावसाबरोबर कोंब फुटला, वेल कुंपणभर पसरला आणि आता रोज पिवळी फुले येतात. परंतु ती सगळी गळून जातात. खत कमी पडते आहे, की काही फवारावे लागेल?

उत्तर १:
खताचा हा प्रश्नच नाही आणि फवारणी तर मुळीच करू नये. कारल्याच्या किंवा दोडक्याच्या एकाच वेलावर नर आणि मादी अशी दोन्ही फुले येतात. करटोलीत मात्र नर वेल निराळा आणि मादी वेल निराळा असतो. संध्याकाळी फूल उमलले की पाकळ्यांच्या खाली नीट पाहावे. तिथे मऊ काट्यांचे चिमुकले करटोले आधीपासूनच दिसत असेल तर वेल मादी आहे, आणि आसपास नर वेल नसल्यामुळे ते पिवळे पडून गळते. तिथे फुगीर भाग नसून फुलाला खालून वेढणारे एक हिरवे पान असेल, तर आपला वेल नर आहे व त्याला फळ कधीच धरणार नाही.

उत्तर २:
वेल नर निघाला तरी कृपया उपटू नये, कारण आठ-दहा मादी वेलांना एक नर पुरतो. जाळीतल्या ज्या वेलांना फळे लागली आहेत, त्यांच्या बुंध्याशी आत्ताच खुंट्या ठोकून ठेवाव्यात. हिवाळ्यात वेल वाळून जातो आणि मग कंद जमिनीत कुठे आहे हे कळत नाही. बी लावण्यात अर्थ नाही असे माझे मत आहे, कारण ते उगवायला फार वेळ घेते आणि रोप नर की मादी हे फुलावर आल्याशिवाय समजत नाही. पुढच्या पावसाळ्यात संध्याकाळी ताजे नर फूल तोडून त्याचा पराग मादी फुलाच्या मध्यभागी हलकेच टेकवला, तर फळधारणा चांगली होते.

उत्तर ३:
एक विनंती आहे. खुंट्या मारलेले सगळेच कंद काढू नयेत. एखादाच आणावा आणि बाकीचे बांधावर राहू द्यावेत, कारण कंद गेला की तिथला वेल कायमचा गेला. भाजीसाठी हिरवी, कोवळी करटोलीच तोडावीत, पिवळसर झाल्यावर बिया दाताखाली कडक लागतात. एक-दोन फळे मात्र वेलावर पिकू द्यावीत. ती उकलली की आतला लाल गर दिसतो आणि बी जाळीतच पडून रुजते.