ठिपके मोजू नका, कल्ले मोजा

खारट_प्रतापनगर:
आपल्या खाऱ्या पाण्याच्या मासेवाल्या ग्रुपवरची परवाची ती पोस्ट वाचून डोकं उठलं. 'नवीन पावडर ब्लू टँग आणला, अंगावर मिठाच्या दाण्यांसारखे ठिपके दिसले, हीटर लावून पाणी ३२ वर नेलं, खाण्याला लसूण चोळला, चौथ्या दिवशी टँग चकाचक. क्वारंटाइन, म्हणजे नवा मासा आधी वेगळ्या टाकीत ठेवणं, ही पैशाची नासाडी.' नागपुरात, मे महिन्यात, हीटर! आणि खाली लोकांचे धडाधड अंगठे. म्हणून एवढं लांबण लावून राहिलो.

तापमानाचा इलाज गोड्या पाण्यातल्या इकचा, म्हणजे पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाचा. खाऱ्या पाण्यातला इक म्हणजे क्रिप्टोकॅरिऑन, वेगळाच किडा. नावाचा भाऊ, रक्ताचा नाही. आणि ठिपके चौथ्या दिवशी गेलेच असते, हीटरऐवजी मारुतीला नारळ फोडला असता तरी. तो किडा माशाच्या अंगावर तीन ते सात दिवस खातो, मग आपणहून गळून खाली वाळूत जातो, कवच करून बसतो, आतल्या आत त्याचे शेकडो होतात आणि ते पुन्हा मासा शोधत निघतात. वरात गेली नाही, हॉलच्या मागं जेवायला बसली आहे.

आता माझं खरं दुखणं. दोन वर्षांपूर्वी दिवाळीत क्लाऊन माशांची जोडी आणली. अंगावर एक ठिपका नाही. नुसते पंपाच्या धारेत तोंड करून उभे, दिव्यापासून लांब, कल्ले धडधड. मी म्हटलं प्रवासाचा थकवा. दुसऱ्या दिवशी सकाळी एक आडवा, संध्याकाळी दुसरा, तिसऱ्या दिवशी माझी चार वर्षांची रॉयल ग्रामा मासोळी. तेव्हा टॉर्च तिरपी मारून पाहिलं तर अंगावर पिठासारखी बारीक धूळ. वेलवेट, हा दुसराच किडा. तो आधी कल्ले धरतो, अंगावर दिसेपर्यंत खेळ आटोपलेला असतो. म्हणून म्हणतो, आधी कल्ल्यांची धडधड मोजा, घड्याळ लावून. आणि क्लाऊनच्या अंगावरून शेंबडासारखी पांढरी साल सुटत असेल तर तो इकही नाही न् वेलवेटही नाही, ब्रूक नावाचा तिसरा किडा आहे. त्याला इक-वेलवेटवालं तांब्याचं औषध चालत नाही, फॉर्मेलिन लागतं.

मासेवाला_महाल:
ज्या पोस्टवर एवढं भाषण ठोकलं ती माझी. नाव घ्यायला लाज वाटली का बे? १८ वर्षांपासून टाक्या ठेवून राहिलो. आम्ही मुंबईहून ट्रेननं डब्यात मासे आणायचो, मांडीवर डबा, बॅटरीच्या पंपानं हवा देत, रात्रभर जागून. तुमचे क्लाऊन मेले, माझा टँग खाऊन राहिला. हिशोब सोपा आहे. आणि दोन खोल्यांच्या घरात दुसरी टाकी ठेवू कुठं, देवघरात?

मायक्रोस्कोप_ताई:
काका, देवघर नको, पलंगाखाली मावते. ४० लिटरचा प्लास्टिकचा टब, स्पंज फिल्टर, लपायला पीव्हीसी पाइपचा तुकडा. वाळू, खडक टाकू नका, ते औषधातलं तांबं पिऊन घेतात.

पण खारटदादा, तुमचंही अर्धंच बरोबर. कल्ले धडधडले की वेलवेट, असं नसतं. पिशवीत रात्रभर प्रवास करून आलेला मासा घ्या. त्याच्याच श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडमुळे पिशवीतला पीएच खाली येतो, म्हणून साठलेला अमोनिया त्याला फारसा बाधत नाही. आपण पिशवी उघडली, हवा लागली की पीएच चढतो आणि तोच अमोनिया जहर होतो. त्यात लोक दोन-दोन तास थेंब थेंब पाणी सोडत बसतात, मासा त्याच जहरात! धापा टाकणारच. त्याला औषध नको, स्वच्छ पाणी हवं, मग तो निवतो. वेलवेटवाला निवत नाही, वाढतच जातो.

मी मुलीच्या प्रोजेक्टसाठी घेतलेला मायक्रोस्कोप वापरते. काचेच्या कडेनं अंगावरून हलकं खरवडायचं, वर टाकीतलंच एक थेंब पाणी. हळूहळू गरगरणारा गोळा असेल तर इक. काळपट, नासपतीसारखा, जागचा न हलणारा असेल तर वेलवेट. मासा मेला तर लगेच बघा. संध्याकाळी ऑफिसातून येऊन बघाल तर किडे सोडून गेलेले असतात.

कूलरवाला_मनीषनगर:
मूळ मुद्दा राहू द्या. मे महिन्यात माझ्या टाकीतले सगळेच मासे धापा टाकतात. बाहेर ४५, टाकी ३१. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी, खाऱ्यात आणखी कमी. मग सगळ्यांना वेलवेट का? नवतपात, त्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, नागपुरात समुद्र पाळणं हाच आजार आहे. निदान मालकाचं करा.

खारट_प्रतापनगर:
चिलर घ्या न भाऊ.

कूलरवाला_मनीषनगर:
घेतला होता. तो टाकी गार करतो आणि खोलीची भट्टी. मग खोलीला एसी. बिल पाहून बायको म्हणाली, मासे भाडं देतात का? विकून टाकला. आता सम्पवर, म्हणजे खालच्या फिल्टरच्या टाकीवर, पंखा. हवा कोरडी असते, तीन अंश उतरतात.

सदर_रीफ:
पाणी उडतं, मीठ मागं राहतं. १.०२५ खारटपणाची (घनतेची) टाकी आठवड्यात कुठं जाते ते पाहिलं का कधी?

कूलरवाला_मनीषनगर:
उडालं तेवढं आरओचं पाणी रोज घालतो. एवढं येतं आम्हाला.

सदर_रीफ:
आणि त्याच खोलीत कूलर चालू? मग हवा दमट, पंख्याचा अर्धा फायदा गेला.

कूलरवाला_मनीषनगर:
म्हणजे मी घामानं मरू आणि डॅमसेल मासे गारव्यात?

मासेवाला_महाल:
वाळ्याच्या ताट्या लावा. आमच्या वाड्यात अजून लावतो, टाकी कधी २९ च्या वर गेली नाही.

सदर_रीफ:
काका, ताट्यांनीही हवा दमटच होते.

मासेवाला_महाल:
तुम्हाला सगळंच चूक दिसते. पंखा चूक, ताटी चूक, लसूण चूक. मग मासे पाळताच काऊन?

खारट_प्रतापनगर:
ताट्यांवर वेगळं भांडा हो. आणि २९ च्या वर न जाणारी टाकी हीटर लावून ३२ वर नेली, हे विसरू नका.

मासेवाला_महाल:
तुझ्या घरचं मीटर पळालं का?

दुकानात_फसलेला:
मी ज्याच्याकडून घेतो त्याच्या टाकीत मासे आरशासारखे. घरी आणले की पाचव्या दिवशी ठिपके. विचारलं तर 'तुमचं पाणी खराब'. पुढं टेस्ट किट घेऊनच गेलो. टाकीत थोडं थोडं तांबं, कायमचं. एवढ्यानं किडा दबतो, मरत नाही. तेव्हापासून निदान-बिदान बंद. आणलेला प्रत्येक मासा ३० दिवस तांब्यात.

मायक्रोस्कोप_ताई:
कोणतं तांबं? औषधं दोन प्रकारची. चिलेटेड २ ते २.५ पीपीएमवर चालवतात, आयनिक त्याहून खूप कमी. एकाची मात्रा दुसऱ्याला लावली तर एक तर मासा जातो, नाहीतर किड्याला काहीच होत नाही. शिवाय फ्लूकवर, म्हणजे अंगाला चिकटणाऱ्या बारीक चपट्या कृमींवर, तांबं काही करत नाही. तापमान, पीएच जुळवून पाच मिनिटं गोड्या पाण्यात बुडवा, फ्लूक असले तर पांढरे पडतात, तिळासारखे तळाशी दिसतात. सरसकट औषध म्हणजे डोळे मिटून गोळी घेणं.

दुकानात_फसलेला:
डोळे उघडे ठेवून सात मासे घालवले, ताई. मिटून अजून एक नाही.

मायक्रोस्कोप_ताई:
बरं. यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण रोज किट लावून मोजता ना?

दुकानात_फसलेला:
रोज. सकाळी चहाच्या आधी.

खारट_प्रतापनगर:
ताईंचं अमोनियाचं मान्य. दिवाळीची ती जोडीही रात्रभर पिशवीतच होती, हे लिहायचं राहिलं. तरी धूळ मी डोळ्यांनी पाहिली, तेवढं सोडणार नाही.

मासेवाला_महाल (९ दिवसांनी):
टँगवर ठिपके परत. या वेळी दुप्पट, आणि क्लाऊनवरही. 'सांगितलं होतं' असं ज्याला म्हणायचं त्यानं आत्ताच म्हणून घ्या. टब आणला, पलंगाखाली मावला. तांब्याचं किट दोन दिवसांसाठी कोणाकडे मिळेल? आणि मोठ्या टाकीतला किडा मरायला ती किती दिवस बिनमाशाची ठेवू?

खारट_प्रतापनगर:
किट माझ्याकडे आहे, संध्याकाळी घेऊन येतो. टाकी ७६ दिवस धरून चाला.

मासेवाला_महाल:
७६! म्हणजे पोळ्यापर्यंत नुसते खडक पाहत बसू? ये तू. हीटरचा विषय काढायचा नाही, या अटीवर.

कूलरवाला_मनीषनगर:
पंख्याचं सदरवाल्यांचं खरं निघालं, कूलर बंद केला तर टाकी एक अंश खाली आली. मी मात्र वर गेलो. काका, त्या वाळ्याच्या ताट्या कुठून आणता?