फासेपारधी मुलीचा जातीचा दाखला: १९५० पूर्वीचा पुरावा नाही, काय करावे?

नमस्कार. सोलापूर जिल्ह्यातल्या आमच्या गावात शिवणकाम करणाऱ्या एक काकू पालावरच्या मुलांना रोज शाळेत नेऊन सोडतात. संस्था नाही, देणगी नाही. त्यांच्यामुळे शिकलेली एक मुलगी यंदा दहावी झाली. तिला आदिवासी विकास विभागाच्या वसतिगृहात अर्ज करायचा आहे, त्यासाठी अनुसूचित जमातीचा दाखला हवा.

सेतूत १९५० पूर्वीचा पुरावा मागतात. आजोबा शाळेत गेले नाहीत, जमीन नाही, त्यामुळे ना जुना दाखला ना सातबारा. मुलीच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘हिंदू फासेपारधी’ अशी नोंद आहे. आधार, रेशनकार्ड, रहिवासी दाखला आहे. वडिलांच्या रक्ताच्या नात्यात कुणाकडेही दाखला नाही. तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये कोतवाल बुकही (गावातल्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी) पाहिले, पण आजोबांचा जन्म कोणत्या गावचा हेच घरात कुणाला नक्की ठाऊक नाही. कापडाच्या पिशवीत ही सगळी कागदं घेऊन काकू मजुरी बुडवून खेटे घालताहेत. एजंटला पैसे द्यायचे नाहीत, खोटा कागद तर मुळीच नको. पुढे जात पडताळणीत पोरीचंच नुकसान होईल.

पणजोबा सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये (इंग्रजांनी ‘गुन्हेगार’ ठरवलेल्या जमातींना ठेवायची वसाहत), तारेच्या कुंपणात होते असं आजी सांगते. गुन्हेगार जमाती कायदा १९५२ साली रद्द झाला, त्याआधीची तिथली हजेरीपुस्तकं किंवा पोलिसांकडच्या नोंदी आज कुठे पाहायला मिळतात? अर्ज कुणाच्या नावे करायचा? आणि कागदच मिळाला नाही, तर प्रांताधिकाऱ्यांकडून गृहचौकशीवर दाखला कुणाला मिळाला आहे का, आणि तो पुढे पडताळणीत टिकला का?