सुकाणू सरळ असूनही बोट डावीकडे का वळते?

खानापूरकर: मुलासाठी प्लायवूड व थर्माकोलची एका मोटरीची बोट तयार केली आहे. मलप्रभेच्या संथ डोहात ती सतत डावीकडे वळते, आणि मोटर बंद केली की सुकाणू फिरवूनही काही उपयोग होत नाही. दोन मोटरी बसवाव्यात काय?

निपाणीकर: मागून पाहिले असता मोटरीचा पाण्यातला पंखा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरत असेल, तर तो बोटीचा मागचा भाग किंचित उजवीकडे ढकलतो आणि तोंड डावीकडे जाते, सुकाणू थोडे उजवीकडे वळवून ठेवल्यास हा दोष बराच आटोक्यात येतो. सुकाणू पंख्याच्या थेट मागे, त्याच्या झोतात असावे. मोटर थांबली की झोतही थांबतो आणि हलकी बोट लगेच मंदावते, त्यामुळे सुकाणूच्या पात्यावर दाबच पडत नाही.

बेळगावकर: दोन मोटरींत सुकाणू लागत नाही, कारण एक पुढे व दुसरी मागे फिरवली की बोट जागच्या जागी वळते. मात्र दोन पंखे परस्परविरुद्ध फिरवायचे असतील, तर त्यांची पातीही उलट पिळाची हवीत. नुसत्या तारा उलट जोडल्यास एक पंखा पुढे व दुसरा मागे ओढत राहील. शिवाय स्वस्त मोटरींचा वेग क्वचितच समान असतो, म्हणून सरळ चालण्यासाठी मला एक मोटर व सुकाणूच बरे वाटते.

खानापूरकर: मोटरीला पंख्याशी जोडणाऱ्या दांड्याच्या नळीतून बोटीत पाणीही झिरपते आहे.

निपाणीकर: पितळी नळीत ग्रीस भरा आणि तिचे आतले तोंड पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा.