गॅरेजवाल्या आक्का, काकू, मावशी: तुमच्या गावात होती का अशी कुणी?

मंगळवेढेकरीण

परवा स्कूटर सर्व्हिसिंगला दिली. पोराने सीट उचललं, कुठलीशी वायर जोडली, हातातल्या डब्यावर आकडा उमटला. म्हणाला, सेन्सर आहे. गाडी चालू करून आवाजसुद्धा ऐकला नाही. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ (नव्या प्रदूषण नियमाच्या) बहुतेक गाड्यांत पेट्रोल-हवा मिसळणारा कार्बोरेटरच राहिला नाही, त्यामुळे त्या पोराचं तरी काय चुकलं म्हणा. पण मला तिथे उभ्या उभ्या आमच्या स्टँडसमोरच्या आक्का आठवल्या.

आक्कांच्या वडिलांचं भाड्याच्या सायकलींचं दुकान. पोरं तासावर सायकल न्यायची, चाक वाकडं करून आणायची, आणि आऊट काढायचं, म्हणजे ते सरळ करायचं काम घरातल्या या मुलीकडे. लग्न होऊन गेल्या, परत आल्या (का, ते गावाने पुरेसं चघळून झालंय), आणि दुकानात बसल्या त्या बसल्याच. सायकलीवरून लुना, लुनावरून एम-८०, मग स्प्लेंडर. नऊवारी, कासोटा घट्ट, वरून भावाचा जुना फुल शर्ट.

माझे वडील शिक्षक, त्यांची लुना. चढाला दम टाकायची. आक्का आधी प्लग काढायच्या. ओला, काळाकुट्ट. "गुरुजी, ऑईल मापानं घालायचं असतं, मायेनं न्हाई." कार्बोरेटर उघडला की मी मदतीला म्हणून सुई पुढे करायचे, तर हात झटकायच्या. जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल येतं त्या बारीक भोकात, सुई घातली की ते मोठं होतं आणि ॲव्हरेज जातं. फुंकर मारायची. फारच कचरा असेल तर क्लचच्या केबलची एक तार, तीसुद्धा नुसती फिरवून काढायची.

नवा गिऱ्हाईक आला की ठरलेला प्रश्न, मिस्त्री कुठंयत? आक्का मान वर न करता, "जेवाय गेल्यात. तवर मी बघते." गाडी चालू झाली की तो पुन्हा इकडेतिकडे बघणार. आक्का म्हणणार, "पैसे माझ्याकडं दिले तरी चालत्यात."

तुमच्याकडे होती का अशी कुणी? आहे का अजून? लिहा.

रानभेंडी

जेवायला गेल्यात 😂😂 मेले

बागायतदार_नावाला

आमच्याकडे गाड्यांच्या नाही, पण मोटार वायंडिंगच्या काकू आहेत. अजून आहेत. सकाळी सहाला दुकानापुढे मोटारसायकली लागलेल्या, प्रत्येकाच्या कॅरेजला जळकी मोटार बांधलेली. थ्री फेजमधला एक फेज गेला की चालती मोटार हूंऽऽ करत राहते, तापते आणि बसते. त्यात शेतकऱ्यांनी ऑटो लावलेला असतो, म्हणजे रात्री दोनला लाईट आली की मोटार आपोआप चालू. आपण झोपेत, मोटार एकटी जळते विहिरीवर.

काकू जुनं वायंडिंग तोडताना वेढे मोजतात, तारेचा गेज बघतात, जळकी तार वजन करून बाजूला ठेवतात. तांब्याचा हिशेब गिऱ्हाइकासमोर. इतर ठिकाणी जळकी तार गायब होते आणि विचारलं तर "कुठली तार?" म्हणतात. काकूंकडे लोक तारेच्या हिशेबासाठीच जातात असं माझं मत. बाई म्हणून कुणी जात नाही आणि बाई म्हणून कुणी टाळतही नाही, लाईटचा टाईम संपायच्या आत मोटार पाहिजे असते.

सुमन_ताई

@बागायतदार एक फेज गेला तर मोटार बंद करणारं यंत्र मिळतं की, सिंगल फेज प्रिव्हेंटर. आमच्याकडे बसवलंय.

बागायतदार_नावाला

मिळतं. बसवतात. मग ते सारखं बंद करतं म्हणून वैतागून बायपास करतात. मग काकूंकडे येतात.

उदगीरचा_पोऱ्या

हापसा चालेल का या विषयात? आमच्या आजीच्या गावात हापसा दुरुस्त करणारी एक बाई होती. पंचायत समितीचा माणूस यायला आठवडा लावायचा, तोवर बायकांनी पाणी आणायचं कुठून? मग हीच पाना घेऊन जायची. वरची साखळी बदलणं, ग्रीस लावणं सोपं. खरं काम वायसरचं. खाली सिलिंडरमधलं वायसर झिजलं की हापसत बसा, पाणी वर येतच नाही. ते बदलायचं तर सगळे लोखंडी पाईप वर ओढायचे, चार-पाच जण लागतात. तिने गावातल्या बायकाच उभ्या केल्या. गडी माणसं पारावर बसून "सांभाळून बरं का" म्हणत होती.

जाता जाता, हा जो सगळ्या देशात दिसणारा इंडिया मार्क-२ हापसा आहे ना, तो सोलापूरच्या पंपावरून घडवला. त्याआधी जालना पंप होता. ७२ च्या दुष्काळात बोअर खूप मारले गेले, पण पंप टिकत नव्हते, त्यातून हे सगळं पुढे आलं. म्हणजे जगभर गेलेला पंप आपल्या मराठवाडा-सोलापूरचा. लोकांना सांगितलं तर खोटं वाटतं.

मंगळवेढेकरीण

चालेल काय, पळेल. आणि सोलापूर म्हटल्यावर मी काय बोलणार, कॉलर ताठ.

चेतकवाला_काका

आमच्या चेतकला कुणी मेकॅनिक लागला नाही. डावीकडे आडवी करायची, परत उभी करायची, किक मारायची. झालं.

रानभेंडी

काका तुम्ही प्रत्येक विषयात चेतक आणता

चेतकवाला_काका

कारण ती प्रत्येक विषयात चालू होते.

तापीकाठ

माझी आई. चोपड्याजवळ. पंक्चर आणि सायकलीपासून सुरू केलं, आता दुचाकी सगळ्या. वय साठीच्या पुढे. घाईत लिहितेय, कुकर लावलाय.

तुम्ही सगळे हात काळे होतात वगैरे म्हणता, ते आम्हाला काही वाटत नाही. वॉशिंग पावडरमध्ये थोडी वाळू घालून घासलं की निघतात, नखातलं राहतं तेवढं राहतं. लग्नात हळद लावायला गेली की बायका हात बघतात. बघू देत.

त्रास वेगळा आहे. रेशनला अंगठा उमटत नाही. इतकी वर्षं रॉकेल, पेट्रोल, पाने, घासकागद, बोटांवरच्या रेषाच गेल्यात. मशीन म्हणतं जुळत नाही. मागे रांग, दुकानदार म्हणतो बोट पुसा, पुसून काय होणार. परत या म्हणतात. आई एकदा म्हणाली, "ह्या बोटांनी पोरं शिकवली आणि ही बोटं माझी नाहीत म्हणे."

दुसरं म्हणजे बाथरूम. गॅरेजला नाही. शेजारचे मिस्त्री भिंतीमागे जातात. आई दुपारपर्यंत पाणीच प्यायची नाही, मग उन्हाळ्यात त्रास सुरू झाला, डॉक्टरांनी झापलं. आता समोरच्या शिलाई मशीनवाल्या वहिनींच्या घरी जाते, बदल्यात त्यांच्या स्कूटीचं काम फुकट. हा करार कुठेही लिहिलेला नाही पण पक्का आहे.

कुकर झाला. येते परत.

सुमन_ताई

अगं अंगठ्याचं ऐकून कसंतरी झालं. डोळ्याने होतं ना पण? आणि आधारला मोबाईल जोडलेला असेल तर ओटीपी. आमच्या सासूबाईंचं तसंच करतो, त्यांची बोटं भांडी घासून गेलीत.

तापीकाठ

ओटीपीने होतं आता. पण दुकानात रेंज असेल तर. 🙂

स्पष्टवक्ता_नगर

थोडं वेगळं लिहितो, राग मानू नका. आमच्या गावातल्या गॅरेजवाल्या ताई काही खास मेकॅनिक नव्हत्या. नट इतके आवळायच्या की थ्रेड (आटे) मारले जायचे. ड्रेन बोल्टचे थ्रेड गेले की ऑईल गळतं, मग चेंबरचा खर्च. त्यामुळे सरसकट देवी करू नका सगळ्यांना.

रानभेंडी

मुद्दा बरोबर. पण त्यांच्या शेजारचा मिस्त्री थ्रेड मारत नव्हता का?

स्पष्टवक्ता_नगर

तो जास्त मारायचा 😄 फक्त त्याच्याबद्दल कुणी "पुरुषांचं हे काम नाही" म्हणालं नाही, हे मान्य.

दर्यापूरवाली_आजी

मले टाईप करता येत नाही, नातू लिहून देऊ रायला. मी सोता गॅरेज चालवतो म्हणून बोलतो. आमच्याकडं बायाबी 'चालवतो, बोलतो' असंच म्हणतेत, नातू दुरुस्त करू पाहत होता, म्हटलं राहू दे.

माह्या मालकाचं गॅरेज होतं हे खरं, पण त्यायनं मले शिकवलं नाही. ते गाडी खोलत न चहा प्याले जात, मी उघडलेल्या गाडीजवळ बसून पाहो. पाहून पाहून आलं. बारा-तेराचा पाना कोणता न चौदा-पंधराचा कोणता हे अंधारात हातानं कळते आता.

आता गुडघे गेले. किक मारता येत नाही, त्याच्यासाठी पोरगा ठेवला. तो शिकला का सोताचं गॅरेज टाकते. असे किती तरी गेले इथून, याच रोडवर बसून हायेत, माह्याच गिऱ्हाइकाले आवाज देतेत. देऊ दे. अडलं का रात्री फोन मलेच करतेत, आजी, टायमिंग बसून नाही रायलं.

विश्वकर्मा योजनेचा फॉर्म भराले गेली होती. १५ हजाराचं अवजाराचं किट भेटते म्हणे. १८ धंदे हायेत त्याच्यात. लोहार हाय, कुंभार हाय, शिंपी हाय, कुलूप बनवणारा हाय. गाडी दुरुस्त करणारा नाही. सेंटरवरचा पोरगा म्हणे आजी शिंपी लिहू का. म्हटलं सुई मी जेटमध्येबी घालत नाही, वरच्या बाई बरोबर बोलल्या.

अखीन एक. कोणी आलं का म्हणतेत, आजी तुमची हिंमत लय मोठी, फोटो काढू का. काढा. मंग बिल सांगतलं का म्हणतेत, पन्नास कमी करा ना. फोटो फुकट घ्या पन मजुरी कमी नका करू.

मंगळवेढेकरीण

आजी 🙏🙏 शेवटची ओळ फ्रेम करून लावते.

उदगीरचा_पोऱ्या

आजी लाडकी बहीणचे पैसे येतात का? वय बसतं का?

दर्यापूरवाली_आजी

येतेत, ६५ व्हाले अजून येळ हाय. पन शेजारणीनं मागं खबर देली होती का हिच्या दारात चारचाकी उभी असते. चारचाकी असलं का नाव कटते ना. ते गिऱ्हाइकाची होती, इंजिन उतरवलेली. चौकशीले आलेल्या बाईले बोनेट उघडून दाखोलं, म्हटलं याच्यात इंजिन हाय का पाय.

रानभेंडी

चहा सांडला माझा

सुमन_ताई

आजी एक विचारू का, माझी स्कूटर सकाळी सेल्फवर लवकर चालू होत नाही, दुपारी एका झटक्यात होते. २०१६ ची आहे. बॅटरी नवीन टाकलीय.

दर्यापूरवाली_आजी

२०१६ ची म्हंजे कार्बोरेटरवाली. थंडीत चोक लागते तिले. काही गाड्यायले चोकचा खटका राहते, काहीमंधी आपोआप लागते न ते कधी कधी काम नाही करत. पयले प्लग काढून पाय, काजळी असली तर साफ कर, लय जुना असला तर नवा टाक. तवर सकाळी सेल्फ दाबत नको बसू, नवी बॅटरीबी बसन. किक मार. तुहे गुडघे चांगले असन.

सुमन_ताई

किक मारायची असते हेच विसरले होते. करून बघते.

तापीकाठ

आले परत. आजी, माझ्या आईला वाचून दाखवलं. ती म्हणते सेन्सर तपासायचा स्कॅनर घेतला का विचार.

दर्यापूरवाली_आजी

नाही घेतला. महाग हाय न दरसाली नव्या गाड्या येतेत. बीएस-६ वाली आली का मी ब्रेक, चेन, ऑईल, पंक्चर, बेअरिंग एवढंच करतो. सेन्सरचं असलं तर तालुक्याले पाठवतो. जुन्या गाड्या गावात अजून लय हायेत, माह्यापुरत्या पुरतेत.

तापीकाठ

आई म्हणते सेम. तिचा स्पेअरचा माल जळगावहून येतो. २०२३ ला एसटीत बायकांना अर्धं तिकीट झाल्यापासून ती स्वतः जाते, आधी दुकानदार पाठवेल तो माल घ्यावा लागायचा. आता हातात घेऊन, क्लच प्लेट वाकवून बघून आणते. पिशवीत पिस्टन आणि वर भाजी.

चेतकवाला_काका

कंडक्टर वजनाचे पैसे घेत नाही का

तापीकाठ

कंडक्टर बाईच असते बऱ्याचदा. तिची स्कूटी आमच्याकडेच असते 😊

बागायतदार_नावाला

मंगळवेढेकरीण, मालदांडीची ज्वारी यंदा कशी आहे तिकडे? घरी पाहुणे येणार आहेत, चांगलं एखादं पोतं पाहिजे होतं. विषयांतर माफ.

मंगळवेढेकरीण

भावाला विचारून सांगते. आणि आक्कांच्या दुकानाचं कालच कळलं, त्यांचा भाचा ई-लुना घेऊन बसलाय तिथे. विक्री नाही, स्वतः वापरतो. २०२४ ला आली ना परत, बॅटरीवरची. आक्का मागे बसून जातात आणि म्हणतात हिला आवाजच न्हाई, कळायचं कसं काय बिघडलंय ते.

स्पष्टवक्ता_नगर

जुनी लुना कुणाकडे पडून असेल तर सांगा. मी घेईन. चालू नसली तरी चालेल.

उदगीरचा_पोऱ्या

मामाकडे आहे, गोठ्यात. कागदपत्रं नाहीत.

स्पष्टवक्ता_नगर

पेडल आहेत का दोन्ही?

उदगीरचा_पोऱ्या

एक आहे. दुसरं मामाने सायकलला लावलंय.