सिडनीत वेंटवर्थविल ते मॅस्कॉट, पहाटेची शिफ्ट: एम-४ मोटरवेच्या बोगद्यातून जावं का?

शेवंती२२
नमस्कार मंडळी. पुढच्या सोमवारपासून मॅस्कॉटला विमानतळाजवळच्या एका किचनमध्ये कामाला लागतेय. शिफ्ट पहाटे ४.३० ते दुपारी १२.३०, आठवड्यातून पाच दिवस. राहते वेंटवर्थविलला. त्या वेळेला ट्रेनने पोचता येत नाही, म्हणून गाडी. टोलसाठी आठवड्याला ४० डॉलर, त्याच्या वर नाही. आणि एक अडचण आहे. खंबाटकीच्या बोगद्यातसुद्धा मला धडधडतं, आणि इथला तर संपतच नाही म्हणे. कोणी रोज जातं का? दुसरा रस्ता आहे का?

मूळचा_नाशिककर
डोळे मिटून टनेल घ्या. होमबुशला आत शिरलं की हॅबरफील्डपर्यंत साडेपाच किमी आणि पुढे सेंट पीटर्सपर्यंत साडेसात. एकही सिग्नल नाही. बाहेर पडल्यावर विमानतळाकडे नेणारा सिडनी गेटवे हा रस्ता, तो सप्टेंबर २०२४ ला सुरू झाला आणि त्याला टोल नाही. दुसरा जोडबोगदा जानेवारी २०२३ मध्ये उघडला, त्या आठवड्यापासून मी जातोय. माझा वेळ जवळपास निम्म्यावर आला.

ब्लॅकटाउनचे_काका
ट्रेनने जा. विमानतळाच्या दोन्ही स्टेशनांवर वेगळी फी पडते, मॅस्कॉटला उतरलं तर पडत नाही. मी अकरा वर्षं ट्रेननेच गेलो.

अनु_हॅरिसपार्क
काका, ट्रेन पोचवत नाही असं तिने लिहिलंय.

ब्लॅकटाउनचे_काका
मग शिफ्ट बदलून मागावी. आणि या टोलचं मला सांगू नका. फेब्रुवारी २०१० मध्ये एम-४ चा टोल गेला तेव्हा आम्ही पेढे वाटले होते. मग पॅरामाटा ते होमबुश तीनच्या चार लेन केल्या आणि ऑगस्ट २०१७ ला पुन्हा टोल बसवला. दरवर्षी किमान चार टक्के वाढ, २०४० पर्यंत. तिकडे मुंबईच्या पाच नाक्यांवर छोट्या गाड्यांचा टोल ऑक्टोबर २०२४ मध्ये गेला, आणि आम्ही इथे भरतोय!

मूळचा_नाशिककर
काका, मुंबईचा विषय वेगळा. इथे टोल भरून रस्ता तरी मिळतो.

ब्लॅकटाउनचे_काका
रस्ता आधीपासून होताच.

अनु_हॅरिसपार्क
शेवंतीताई, हिशेब सांगते. पूर्ण बोगद्याचा टोल एका बाजूला दहा डॉलरच्या वर जातो. एकाच बाजूने गेलात तरी आठवड्याला पन्नासच्या पुढे. पण जानेवारी २०२४ पासून आठवड्याला ६० डॉलरची मर्यादा आहे, त्यावरचे पैसे सरकार परत देतं. म्हणजे दोन्ही बाजूंनी गेलात तरी शेवटी साठच. मात्र आधी सगळे भरावे लागतात, गाडी आणि टोलचा टॅग खासगी नावावर हवा, आणि दर तिमाहीला सर्व्हिस एनएसडब्ल्यू या सरकारी साइटवर क्लेम करावा लागतो. माझ्या नवऱ्याची गाडी कंपनीच्या नावावर आहे, आम्हाला एक पैसा मिळाला नाही.

सुगरण_कॅसलहिल
गाडी कोणती आहे? आम्ही मागच्या वर्षी इलेक्ट्रिक घेतली, पेट्रोलचे पैसे वाचतात, ते टोलला लावायचे. आणि सकाळी एम-४ वर ऊन थेट डोळ्यांवर येतं, संध्याकाळी परततानाही तेच. चांगला गॉगल घ्या.

अनु_हॅरिसपार्क
पावणेचारला ऊन?

कोल्हापुरी_तिखट
बोगद्याला भिण्यात लाज नाही. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा आत फोनवरचा नकाशा थांबला. हॅबरफील्डच्या पुढे डावीकडे की सरळ, हे कळेना. चुकलो आणि रोझेलकडे वळून थेट शहराकडच्या अँझॅक ब्रिजवर निघालो. मुलगी मागे रडत होती, विमान सुटायला तासभर उरला होता. तेव्हापासून सांगतो, आत नकाशा बघायचाच नाही, ‘एम-८’ (पुढचा मोटरवे) आणि ‘एअरपोर्ट’ लिहिलेल्या पाट्या धरायच्या. डोक्यावर लाल फुली दिसली की ती लेन सोडायची. वेग ८०.

मूळचा_नाशिककर
सुट्टीच्या दिवशी एकदा टनेलमधून जाऊन या, भीती जाते. माझ्या बायकोची गेली.

रात्रपाळी_नर्स
सात वर्षं रात्रपाळी करतेय, म्हणून सांगते. देखभालीसाठी काही रात्री बोगदा बंद असतो आणि पहाटेच उघडतो. होमबुशजवळ केशरी दिव्यांची गाडी उभी असते, सगळ्यांना वरच्या रस्त्यावर काढतात. तुमची वेळ नेमकी त्यातच येते. आदल्या रात्री लाइव्ह ट्रॅफिक ही रस्त्यांची माहिती देणारी सरकारी साइट बघून झोपा. वरचा जुना रस्ता, पॅरामाटा रोड, कसाही माहीत असायलाच हवा.

सुगरण_कॅसलहिल
लाइव्ह ट्रॅफिक बघाच. आणि गाडी कोणती ते सांगितलं नाहीत.

मूळचा_नाशिककर
पॅरामाटा रोडवर सिग्नल मोजता मोजता थकाल. आम्ही काय उगाच सांगतोय का?

शेवंती२२
सगळ्यांचे आभार. गाडी जुनी कोरोला आहे. काल पहाटे साडेतीनला ह्यांना शेजारी बसवून निघाले. आधी बोगद्यातून गेले. आत पाच मिनिटं झाली आणि स्टिअरिंगवर हातांना घाम फुटला, हे बोलत राहिले म्हणून बाहेर आले. मग परत येऊन तोच प्रवास वरून केला. पॅरामाटा रोड, पीटरशॅम, मॅरिकव्हिल, सिडनहॅम. दुकानं बंद, बर्वुडला बेकरीचा दिवा तेवढा जळत होता, आणि बरेच सिग्नल हिरवेच मिळाले. वेळ बारा मिनिटं जास्त.

तर ठरवलंय की जाताना सगळं वरूनच. येताना होमबुशपर्यंत वरून, आणि तिथून पॅरामाटापर्यंत एम-४ चा उघड्यावरचा भाग. त्याचा टोल अंतरावर असल्यामुळे आठवड्याचा खर्च ४० च्या आत बसतो. अनु, साठात दोन्ही बाजू होतात हे पटलं, पण आधी शंभरच्या वर भरायला पहिल्या पगाराआधी माझ्याकडे नाहीत.

मूळचा_नाशिककर
महिन्याभरात टनेलला याल.

रात्रपाळी_नर्स
थर्मासमध्ये चहा घेऊन निघा. कुठल्याही शिफ्टला बर्वुडची बेकरी उघडायच्या आत आपण पुढे गेलेलो असतो.