मदत हवी आहे: चर्चिलला ध्रुवीय अस्वलांचं चित्रीकरण

नमस्कार मंडळी,

येत्या नोव्हेंबरात कॅनडातल्या चर्चिलला जायचं ठरतंय. हडसन बे हा उपसागर गोठायची वाट बघत ध्रुवीय अस्वलं तेव्हा किनाऱ्यावर जमतात. बर्फ धरला की सीलच्या शिकारीला निघून जातात. आधी नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांचा विचार होता, पण तिथे 2025 पासून अस्वलापासून किमान 300 मीटर आणि 1 मार्च ते 30 जून या काळात 500 मीटर अंतर राखावं लागतं. नियम योग्यच आहे, अस्वलांना त्रास देऊन मिळालेला व्हिडिओ मला नकोच. फक्त दोन नर मागच्या पायांवर उभे राहून झोंबतात, ते मला नीट टिपायचंय.

अडचण अशी की चित्रीकरण टुंड्रा बग्गीतून, म्हणजे मोठ्या चाकांच्या उंच बससारख्या गाडीतून करायचं. आत कुणी जागा बदलली तरी गाडी हलते, म्हणजे ट्रायपॉड बाद. खिडकीच्या कडेवर बीन बॅग (कॅमेरा टेकवायची दाणे भरलेली छोटी पिशवी) ठेवून 600 मिमीच्या लेन्सने व्हिडिओ स्थिर येतो का? की 100-400 मिमीची लेन्स बरी?

दुसरं म्हणजे थंडी. उणे 20 मध्ये बॅटरी झपाट्याने उतरते, म्हणून जादा बॅटऱ्या आतल्या खिशात अंगाच्या उबेला ठेवेन. पण उबदार बग्गीतून मागच्या उघड्या सज्जात सारखी ये-जा होणार. आत येताना दर वेळी कॅमेरा बंद पिशवीत घालणं जमतं का? लेन्सवर दव धरलं की प्रसंग हातचा गेलाच.

चर्चिलपर्यंत रस्ता नाही. विनिपेगहून रेल्वेने जावं की विमानाने? तिकडे राहणाऱ्यांनी किंवा जाऊन आलेल्यांनी जरूर सांगा.