सोरोबानला वॉर्निश नको

जपानहून आणलेला जुना सोरोबान (मणी सरकवून हिशोब करायची जपानी चौकट, ॲबॅकस) वॉर्निश मारून हॉलच्या भिंतीवर टांगायचा असं तुम्ही वर लिहिलंय, म्हणून लगेच लिहितेय. वॉर्निश अजिबात नको! मणी बांबूच्या बारीक काड्यांवर सरकतात. वॉर्निश आत झिरपलं की ते चिकटलेच म्हणून समजा. कोरडा मऊ ब्रश पुरे. चौकटीमागे कुणी शाईने नाव लिहिलं असेल तर तेही घासू नका, जुन्या सोरोबानची खरी मजा त्यातच आहे.

वय ओळखायचं तर आडव्या पट्टीखालचे मणी मोजा. प्रत्येक काडीवर पाच असतील तर बहुधा दुसऱ्या महायुद्धाआधीचा. चार मण्यांची पद्धत १९३०-४० च्या सुमारास रूढ झाली. ह्योगो प्रांतातलं ओनो हे गाव सोरोबान बनवण्यासाठी आजही प्रसिद्ध आहे. तिथला बानशू सोरोबान असेल तर नशीबवान आहात.

आणि टांगू नकाच. उभा लावला की वरचा, पाच किमतीचा मणी पट्टीवर उतरतो, खालचे तळाला जातात, म्हणजे प्रत्येक काडीवर कायम पाचचाच आकडा! शेल्फवर आडवा ठेवा, थेट ऊन लागणार नाही असा. येणारे-जाणारे मणी सरकवून बघतील, तर बघू द्या.